घरचे सोयाबीन, घरच्या कोंबड्या

सोयाबीनचा भाव पडला की चिखली-मेहकरकडचा कुक्कुटपालक हिशेब मांडू लागतो: कंपनीच्या महागड्या खाद्याऐवजी घरचाच माल भरडून कोंबड्यांना का घालू नये? २०२४-२५च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव असताना बाजार बराच काळ त्याखाली रेंगाळला. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल. त्यामुळे हा प्रश्न रास्तच आहे.

आक्षेपही तितकाच खरा. कच्च्या सोयाबीनमधले ट्रिप्सिन-रोधक प्रथिनांचे पचन अडवतात. स्वादुपिंड वाढते, पिलांची वाढ खुंटते. खाद्य पोटात जाते, पण अंगी लागत नाही. उष्णतेने हा दाणा सुधारतो, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल या शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच दाखवले. मात्र कमी भाजले तर दोष उरतो, जास्त भाजले तर लायसिन वाया जाते. कारखाने युरिएज चाचणीने हे ताडून पाहतात. घरच्या कढईपाशी दाण्याच्या रंगावरच भरवसा ठेवावा लागतो.

पण म्हणून सगळ्याच धान्यांवर संशय घेणे चुकीचे. ज्वारीवरचा टॅनिनचा आळ तपकिरी, तुरट दाण्याला लागू पडतो. आपल्या पांढऱ्या ज्वारीत ते नगण्य असते. तिला धोका काढणीच्या पावसात धरणाऱ्या बुरशीचा. शिवाय बलक पिवळाधमक हवा तर जोडीला मका लागतोच. सरकीची ढेप म्हशीला चालते, कारण रवंथ करणारे जनावर त्यातले गॉसिपॉल बरेचसे निष्प्रभ करते. अंड्यांवरच्या कोंबडीला ती दिली तर बलकावर हिरवट छटा येऊ शकते.

सोयाबीनचा वाण बदलणे हाही एक मार्ग आहे. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या एनआरसी १२७ वाणात कुनिट्झ हा ट्रिप्सिन-रोधक नाही. पण इतर रोधक उरतातच, आणि आडतीत सगळा माल एकाच ढिगात पडत असेल तर शेतकऱ्याने हा वाण मुद्दाम का पेरावा?

आमचा कौल असा: कोरडी, निरोगी ज्वारी आणि मका घरचा खुशाल वापरावा. कच्चे सोयाबीन मात्र कोंबड्यांना घालू नये. ते भाजण्याचे यंत्र आणि तपासणी एकेकट्याच्या आवाक्याबाहेरची आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी ती सामाईक उभारावी आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने चाचणीची जोड द्यावी. यंत्राला अनुदान मिळाले आणि चाचणी राहून गेली, तर वाचलेला पैसा पिलांच्या वजनात गमवावा लागेल.