कोळशाच्या विस्तवापाशी

आज ईस्टर, ख्रिस्ती बांधवांचा पुनरुत्थानाचा सण. नारदांच्या गादीवर उभा राहणाऱ्याने येशूच्या शिष्याचे आख्यान का लावावे, असे कोणी विचारील. फादर स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्तकथा ओवीबद्ध केली व ती १६१६ मध्ये राचोल येथे छापली गेली. तेव्हापासून ही कथा आपल्या भाषेला परकी नाही, एवढे उत्तर पुरे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन विचारतो की, श्रद्धेने योगमार्गास लागलेला, परंतु मध्येच मन ढळलेला साधक फुटलेल्या मेघाप्रमाणे दोन्हीकडून नष्ट होतो काय? हा प्रश्न आपल्या घरोघरी आहे. नेम धरला आणि चार दिवसांत मोडला की तो उठतो. आणि कित्येक तर मोडेल या धास्तीने नेमच धरीत नाहीत. भगवंतांनी अर्जुनास दिलेले अभय वाचकांस ठाऊकच आहे. हेच भय ख्रिस्ती साधकासही पोखरते, आणि त्याच्यापुढे उदाहरण असते ते पेत्राचे.

पेत्र हा गालीलचा मासेमार. सर्वांनी सोडले तरी मी सोडणार नाही, अशी प्रतिज्ञा त्याने गुरूसमोर केली. त्याच रात्री येशूला धरून नेले. महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात थंडीमुळे चाकरांनी कोळशाचा विस्तव केला होता. तेथे शेकत उभा असता एका दासीने त्यास ओळखले आणि हा धिप्पाड गडी भ्याला. त्या मनुष्यास मी ओळखत नाही, असे तो तीनदा म्हणाला. इतक्यात कोंबडा आरवला. पेत्र बाहेर गेला आणि ढसढसा रडला.

यहूदाही त्याच रात्री चुकला. त्यालाही पश्चात्ताप झाला, घेतलेली तीस नाणी त्याने परत नेऊन टाकली. पण गुरूकडे परतण्याचा धीर त्यास झाला नाही आणि त्याने गळफास घेतला. रडला तो वाचला; आपले सर्व संपले असे ज्याने ठरविले, तो गेला.

पुढची कथा योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात आहे. पुनरुत्थानानंतर एका पहाटे, रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हाताने परतणाऱ्या शिष्यांना किनाऱ्यावर येशू दिसला. तेथेही कोळशाचा विस्तव होता, त्यावर मासळी भाजत होती. मूळ ग्रीक भाषेत कोळशाच्या विस्तवास जो शब्द आहे, तो संपूर्ण नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. शब्दांची उठाठेव करण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्यास हा योगायोग वाटत नाही. जेथे पडला तशाच विस्तवापाशी गुरूने त्यास पुन्हा बसविले, जेवू घातले आणि तीनदा एकच विचारले, माझ्यावर तुझे प्रेम आहे काय? झाल्या गोष्टीचा जाब विचारला नाही. प्रत्येक उत्तरावर मेंढरे सांभाळण्याचे काम मात्र सोपविले.

ऐन विशीत, एका उत्सवात पूर्वरंगातच मला श्लोक आठवेना, आणि त्या लाजेने मी वर्षभर वीणा खाली ठेवली. त्या वर्षात माझी एकही चूक झाली नाही, हे खरे; पण एक अक्षरही पुढे गेलो नाही. येशूच्या दृष्टांतातील चाकराने धन्याचे धन भयाने जमिनीत पुरले व जसेच्या तसे परत दिले. हिशेबात खोट नव्हती, तरी धन्याचा रोष झाला तो त्याच्यावरच.

यानंतर पेत्र कधी ढळलाच नाही, असे सांगितले तर आख्यान गोड होईल, पण खोटे होईल. पुढे अंत्युखियात तो अन्य जातीय बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमेची कर्मठ मंडळी येताच भिऊन पंक्तीतून उठला. पंक्तिभेद काय असतो हे आपणांस कोणी शिकवावयास नको. पौलाने सर्वांदेखत त्याची कानउघाडणी केली, आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात ते नोंदवूनही ठेवले.

एवढे होऊनही त्याचे काम कोणी काढून घेतले नाही. कॅथलिक पंचांगात पेत्र आणि त्यास भर पंक्तीत बोल लावणारा पौल, या दोघांचा सण २९ जून या एकाच दिवशी येतो.