संस्थेच्या खात्यावर डॉलर येण्याआधी

हे आवाहन दोघांना आहे. गावात शाळा, वाचनालय, वसतिगृह किंवा दवाखाना चालवणाऱ्या छोट्या संस्थांच्या विश्वस्तांना, आणि परदेशात राहून त्या कामाला पैसे पाठवू पाहणाऱ्या आपल्या माणसांना. दोघांचाही हेतू चांगला असतो आणि त्याच भरवशावर चूक होते. हेतू किती चांगला होता हे कायदा नंतर कधीतरी पाहील. आधी तो तीन गोष्टी विचारतो. पैसा कोणाचा होता, कोणत्या खात्यात आला, आणि तो घ्यायची परवानगी तुमच्याकडे होती का?

या कायद्याचे नाव विदेशी अंशदान विनियमन कायदा. संस्थांमध्ये त्याला सगळे एफसीआरए म्हणतात. पहिला कायदा १९७६ साली, आणीबाणीत झाला. आज लागू आहे तो २०१०चा, १ मे २०११पासून अमलात आलेला आणि सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीने बराच कडक झालेला. त्याचा कारभार दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे. आपल्याकडच्या विश्वस्तांचा पहिला गोंधळ इथेच होतो. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे, पीटीआर म्हणजे न्यास-नोंदणीचा नंबर आहे, ऑडिट दरवर्षी होते, आयकराचे १२ए आणि ८०जी आहे, मग आणखी काय हवे असे त्यांना वाटते. हे सगळे हवेच. पण यातल्या एकाही कागदाने परदेशी पैसा घेण्याची परवानगी मिळत नाही. आपल्या राज्याच्या मुख्यमंत्री सहायता निधीलासुद्धा परदेशातून मदत घेण्यासाठी २०२५ साली गृह मंत्रालयाची मंजुरी घ्यावी लागली, यावरून काय ते समजा.

परदेशी पैसा म्हणजे डॉलर किंवा पाउंड, असा दुसरा समज. कायदा चलन पाहत नाही, देणारा कोण ते पाहतो. तुमच्या शाळेचा एखादा माजी विद्यार्थी वीस वर्षे टेक्सासमध्ये आहे, पण त्याने भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही. त्याने स्वतःच्या बचतीतून, बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी अंशदान ठरत नाही. त्याच्याच वर्गातल्या दुसऱ्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे आणि त्याच्याकडे आता ओसीआय कार्ड आहे. तो कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत झाला. तो जत्रेला गावी आला आणि त्याने इथल्याच बँकेचा रुपयांतला चेक दिला, तरी तो पैसा परदेशीच. गावच्या मुलाला पासपोर्ट कुठला हे विचारायचे कसे, असा संकोच वाटतो. तरीही विचारा आणि पासपोर्टची प्रत पावतीच्या फाइलला लावून ठेवा. खरी आपुलकी असलेला माणूस या प्रश्नाने दुखावत नाही.

मंडळांचेही तसेच. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२पासून आहे, अमेरिकेत तर कितीतरी शहरांत मराठी मंडळे आहेत. सभासद कितीही आपले असले तरी संस्था तिकडच्या कायद्याखाली नोंदलेली असते, म्हणून तिने दिलेला पैसा परदेशी. सगळे सभासद भारतीय पासपोर्टवाले असले तरी फरक पडत नाही. मंडळाने शाळेला पाठवलेले लॅपटॉप आणि दवाखान्याला पाठवलेले यंत्र हेही अंशदानात धरले जाते. आलेली रक्कम बँकेत ठेवून मिळालेले व्याजसुद्धा.

आता सर्वांत जास्त घडणाऱ्या चुकीविषयी. संस्थेकडे परवानगी नाही हे कळल्यावर कोणीतरी जाणकार सुचवतो की पैसे काकांच्या खात्यावर पाठवा, काका संस्थेला देणगी देतील. कृपा करून हे करू नका. परदेशी स्रोताकडून आलेला पैसा मध्ये कितीही हातांतून फिरला तरी परदेशी अंशदानच राहतो, असे कायद्याच्या व्याख्येतच स्पष्ट लिहिले आहे. काकांचे खाते, काकांची पावती आणि संस्थेची कीर्द, तिन्ही एकाच धाग्याने बांधली जातात, आणि चौकशी आली तर त्या बिचाऱ्या काकांनाही कागदपत्रे घेऊन हजर व्हावे लागते. परवानगीशिवाय पैसा घेतला तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. काही गुन्हे दंड भरून मिटवता येतात, पण तोपर्यंत गावात संस्थेचे नाव जायचे ते गेलेले असते.

दुसरा सापळा अलीकडचा आहे. संस्थेच्या वेबसाइटवर 'देणगी द्या' असे बटण असते आणि पैसे गोळा करणारी कंपनी परदेशी कार्डही स्वीकारते. रात्री कुठूनतरी पन्नास डॉलर येतात आणि महिनाभर कोणाच्या लक्षातही येत नाही. परवानगी नसेल तर त्या कंपनीला लेखी कळवून परदेशी कार्ड बंद करून घ्या. चुकून पैसे आलेच तर त्यातला रुपयाही खर्च करू नका. त्याच दिवशी सीएला दाखवा आणि ते परत कसे करायचे ते ठरवा.

मग रीतसर मार्ग कोणता? संस्था किमान तीन वर्षे जुनी असेल आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केले असतील, तर ती नोंदणीसाठी अर्ज करू शकते. अर्ज ऑनलाइन होतो. त्याआधी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक आणि पदाधिकाऱ्यांचे आधार तयार ठेवावे लागतात. गावातल्या बहुतेक संस्थांचा खर्च १५ लाखांपर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यासाठी पूर्वपरवानगीचा रस्ता आहे. एक ठरावीक देणगीदार, एक ठरावीक रक्कम आणि एक ठरावीक काम, एवढ्यापुरती ती मिळते. दोन खोल्या बांधायच्या असतील किंवा रुग्णवाहिका घ्यायची असेल तर हा रस्ता पुरेसा आहे आणि माझ्या मते छोट्या संस्थेने तिथूनच सुरुवात करावी. देणगीदाराचे लेखी हमीपत्र आणि कामाचे अंदाजपत्रक लागते. पैसे देणारा माणूस स्वतःच संस्थेचा मुख्य पदाधिकारी असू नये, हेही बघा. गावच्या प्रेमापोटी अशा दात्याला अध्यक्ष करून ठेवण्याची पद्धत आहे, ती इथे आड येते.

अर्ज करण्याआधी आपल्या धर्मादाय कार्यालयातले घर नीट आवरून घ्या. विश्वस्तांची अधिकृत नोंद असलेल्या परिशिष्ट १वर दिवंगतांची नावे तशीच आहेत, बदल अर्ज वर्षानुवर्षे पडून आहेत, अशा संस्था महाराष्ट्रात ढिगाने सापडतील. दिल्लीच्या अर्जात एक कार्यकारिणी, परिशिष्टावर दुसरी आणि बँकेत तिसऱ्याच दोघांच्या सह्या असतील, तर अर्ज अडणारच.

परवानगी मिळाल्यावर परदेशी पैसा फक्त एकाच ठिकाणी येऊ शकतो, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यात. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही, जवळच्या स्टेट बँकेतून ते उघडता येते. तिथून पुढे आपल्या तालुक्याच्या बँकेत खर्चाचे खाते ठेवता येते, मात्र त्याची माहिती गृह मंत्रालयाला द्यायची असते. या खात्यांत स्थानिक वर्गणी, उत्सवाची देणगी, शाळेची फी, काहीही मिसळायचे नाही. दरवर्षी एफसी-४ हे विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरायचे. नोंदणी असून वर्षभरात एक पैसाही आला नाही, तरी 'निरंक' म्हणून भरायचे. पदाधिकारी, पत्ता किंवा बँक खाते बदलले तर ४५ दिवसांत कळवायचे.

नूतनीकरणाविषयी मी जरा जास्त आग्रहाने सांगतो. नोंदणी पाच वर्षांची असते. १ जानेवारी २०२२ला देशातल्या ५ हजारांहून अधिक संस्थांची नोंदणी संपली, आणि त्यातल्या बहुसंख्य संस्थांनी नूतनीकरणाचा अर्जच केला नव्हता. त्याच सुमारास, २५ डिसेंबर २०२१ रोजी, मदर तेरेसांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटीचे नूतनीकरण नाकारले गेले होते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते परत मिळाले आणि देशभर बातमी झाली. तुमच्या वाचनालयासाठी अशी बातमी होणार नाही. मुदत संपायच्या किमान चार महिने आधी अर्ज करा, असे मंत्रालयाने २०२५ साली सांगितले आहे. ही तारीख सचिवांच्या एकट्याच्या लक्षात राहून भागणार नाही. ती सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात लिहा. शिवाय नोंदणी रद्द झाली तर परदेशी पैशातून उभी राहिलेली मालमत्ता सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे जाते. बांधलेल्या खोल्याही त्यात आल्या.

२०२०च्या दुरुस्तीतल्या दोन तरतुदींनी छोट्या संस्थांचे मोठे नुकसान केले, असे माझे ठाम मत आहे. पूर्वी पुण्या-मुंबईतली मोठी नोंदणीकृत संस्था परदेशातून निधी घेऊन नंदुरबार किंवा गडचिरोलीतल्या छोट्या नोंदणीकृत संस्थेला देऊ शकत असे. हिशेब मोठी ठेवायची, काम छोटी करायची. आता असे पुढे देणे पूर्ण बंद आहे, घेणाऱ्याकडे नोंदणी असली तरी. दुसरी तरतूद खर्चाची. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. औषधे वाटणाऱ्या संस्थेला ती जड जात नाही. पण जिथे हिशेब, देखरेख आणि कार्यालय यांवरच कामाचा दर्जा ठरतो, तिथे फार ओढाताण होते. पुढे देण्यावरच्या बंदीला आव्हान दिले गेले, आणि एप्रिल २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. परदेशी देणगी घेणे हा निरपवाद हक्क मानता येणार नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. कायदा बदलावा म्हणून जरूर बोला, खासदारांना निवेदने द्या. पण बदलेपर्यंत तो पाळायचा आहे, आणि 'पुढे देणे' सल्लागार-शुल्काच्या नावाखाली लपवण्याचे जे उद्योग चालतात त्यांपासून लांब राहा.

मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनाही हेच नियम लागू होतात. परदेशी सेवाभावी संस्थेला भारतात कार्यालय थाटायचे तर रिझर्व्ह बँकेची पूर्वमंजुरी लागते, आणि काम एफसीआरएच्या कक्षेतले असेल तर तो रस्ताही बंद होऊन याच कायद्याखालची नोंदणी घ्यावी लागते. म्हणून बहुतेक संस्था इथे न्यास, सोसायटी किंवा कलम ८ची कंपनी स्थापन करतात, किंवा नोंदणी असलेल्या भारतीय संस्थेला पैसे देतात. सरकार एखाद्या परदेशी देणगीदाराला पूर्वपरवानगीच्या यादीत टाकू शकते, म्हणजे त्याच्या देणगीला आधी मंत्रालयाची मंजुरी लागते. कंपॅशन इंटरनॅशनल ही अमेरिकन संस्था त्या यादीत गेली आणि मार्च २०१७मध्ये तिने भारतातले काम थांबवले. तिच्या मदतीवर जवळजवळ १ लाख ४५ हजार मुले अवलंबून होती. तुमचे वसतिगृह एकाच परदेशी देणगीदारावर चालत असेल तर हे उदाहरण कार्यकारिणीपुढे ठेवा आणि निदान मुलांच्या जेवणाचा खर्च तरी स्थानिक वर्गणीतून निघेल अशी तजवीज आजच सुरू करा.

परदेशातल्या वाचकांना शेवटची विनंती. संस्थेने "थांबा, आधी परवानगी काढतो" असे सांगितले तर नाराज होऊ नका. पैसे पाठवण्याआधी गृह मंत्रालयाच्या एफसीआरए पोर्टलवर त्या संस्थेचे नाव आणि नोंदणीची मुदत स्वतः पाहा. नोंदणी नसेल आणि पूर्वपरवानगी मिळेपर्यंत काम थांबणार नसेल, तर त्याच तालुक्यात तसेच काम करणारी, नोंदणी असलेली दुसरी संस्था शोधा आणि थेट तिला द्या. घरात कोणी भारतीय पासपोर्टवाले असेल आणि त्याला स्वतःच्या कमाईतून द्यायचे असेल तर त्याने द्यावे, पण तुमचे पैसे त्याच्या नावावर टाकून नव्हे. आणि देणगीबरोबर संस्थेला एक पत्र पाठवा. त्यात तुमचे नागरिकत्व, रक्कम आणि काम कोणते ते लिहा, आणि खाली सही करा. सचिवांना ते पत्र फाइलमध्ये फार उपयोगी पडेल.