यंत्र चांगले, पण दुभाष्या नाही

स्कॅनर हे यंत्र तुम्ही पाहिले असेलच. दाखला, गुणपत्रिका किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायचे कागद त्याच्या काचेवर ठेवतात आणि थोड्याच वेळात त्यांची नक्कल संगणकाच्या पडद्यावर दिसते. (अर्ज, कागद, नक्कल हे मराठी शब्द तुम्हांला शिकवावे लागत नाहीत, ते तुमच्या घरचेच आहेत.) काच, दिवा, लहानशी मोटर आणि प्रकाश टिपणारी पट्टी, एवढाच या यंत्राचा संसार. नीट वापरले तर ते पुष्कळ वर्षे टिकते. मग चांगले चालणारे स्कॅनर अडगळीत का जातात?

त्याचे कारण भाषेत आहे. संगणक आणि स्कॅनर यांच्यामध्ये एक दुभाष्या लागतो. तुम्ही त्याला तर्जुमान म्हणाल. संगणकाच्या परिभाषेत त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. 'दिवा लाव, पट्टी पुढे सरकव, एक ओळ वाच' अशा आज्ञा तो स्कॅनरला त्याच्या भाषेत सांगतो. हा ड्रायव्हर बहुधा स्कॅनर बनवणारी कंपनीच तयार करते. पुढे संगणकाची कार्यप्रणाली बदलते आणि नवा ड्रायव्हर लागतो. कंपनीला मात्र जुन्या यंत्रावर खर्च करायचा नसतो. 2019 साली ॲपलच्या मॅक संगणकांसाठी 'कॅटालिना' ही प्रणाली आली. तिने 32 बिटांचे जुने प्रोग्राम चालवणे बंद केले आणि अनेकांचे स्कॅनर मुके झाले. त्यांचा एक स्क्रूही ढिला झालेला नव्हता!

मला हा अन्याय वाटतो. यंत्राचे पैसे आपण पूर्ण मोजले, मग त्याच्याशी बोलण्याची भाषा कंपनीच्या तिजोरीत का राहावी?

असाच प्रश्न अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांना पडला होता, तो प्रिंटरबाबत. 1980 च्या सुमारास ते एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करत होते. जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम त्यांनी सुधारून घेतला होता. कागद अडकला की तो लोकांना तसा निरोप पाठवी. झेरॉक्सचा नवा प्रिंटर आला, तेव्हा त्याचा मूळ प्रोग्राम त्यांना कोणी देईना. पुढे 1983 मध्ये त्यांनी 'ग्नू' या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली.

स्कॅनरसाठी असे काम 'सेन' हा प्रकल्प 1990 च्या दशकापासून करत आहे. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ 'शहाणा' असा होतो, आणि नाव शोभते! त्याचे ड्रायव्हर मुख्यतः लिनक्ससारख्या प्रणालींवर चालतात आणि त्यांचा मूळ प्रोग्राम कोणालाही वाचता येतो. कंपनीने माहिती दिली तर उत्तमच. नाही दिली, तर स्वयंसेवक कंपनीच्याच ड्रायव्हरने स्कॅनर चालवतात आणि यूएसबीच्या तारेतून जाणारे आकडे टिपून घेतात. दिवा लागला तेव्हा कोणते आकडे गेले? पट्टी हलली तेव्हा कोणते? एखादी अज्ञात लिपी उलगडावी, तसे हे चिकाटीचे काम आहे. काही स्कॅनरांना तर चालू होताना कंपनीची एक खास फाईल द्यावी लागते. ती वाटण्याची परवानगी स्वयंसेवकांना नसते. ज्याची त्याने कंपनीच्या मूळ सीडीतून काढून घ्यायची.

इतके करूनही सगळी यंत्रे बोलती होत नाहीत. 'सेन'च्या यादीत कोणता स्कॅनर पूर्ण चालतो, कोणता जेमतेम चालतो आणि कोणता मुळीच चालत नाही, हे स्पष्ट लिहिलेले असते. हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

कंपन्या म्हणतील, जुन्या यंत्रांसाठी आम्ही किती काळ माणसे राबवावीत? हे म्हणणे अगदी खोटे नाही. पण त्यांनी ड्रायव्हर लिहीत राहावे, असे कोण म्हणतो? ज्या दिवशी त्या एखाद्या स्कॅनरची जबाबदारी सोडतील, त्या दिवशी त्याच्या आज्ञांची यादी त्यांनी जाहीर करावी, आणि कायद्याने त्यांना तसे भाग पाडावे. त्यात व्यापाराचे गुपित आहे असे कोणी सांगेल, तर ज्या यंत्राची विक्रीच थांबली त्याचे गुपित कशासाठी जपायचे? टाकून दिलेल्या अनेक जुन्या स्कॅनरच्या दिव्यात पारा असतो, हेही ध्यानात घ्या.

आता अनेक नवे स्कॅनर एकाच ठरलेल्या भाषेत बोलतात आणि त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तेव्हा घरी किंवा शाळेत स्कॅनर घ्यायचे ठरले, तर किंमत विचारण्याआधी दुकानदाराला विचारा : हा कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय चालतो का? लिनक्सवर चालतो का? त्याला सांगता आले नाही, तर 'सेन'ची यादी उघडून त्या मॉडेलचे नाव स्वतः शोधा.