शेवाळ मारू नका, त्याचं जेवण बंद करा!

मेसच्या हॉलमधला खाऱ्या पाण्याचा टँक तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. नाश्त्याच्या रांगेत उभं राहून त्यातल्या केशरी-पांढऱ्या क्लाउनफिशला "काय निमोशेठ, झोप झाली का?" असं विचारलं नाही, असा एकही मेंबर या हॉस्टेलमध्ये सापडणार नाही. गेल्या सत्रात त्या जोडीतला एक मासा मेला. आता तो टँकच काढून टाकावा, असं काही जण म्हणतायत, आणि काही जण म्हणतायत की आणखी 'स्ट्राँग' औषध आणा. मला दोन्ही मतं पटत नाहीत. का ते सांगायचं तर आधी माझा गुन्हा कबूल करायला हवा.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात समुद्र आणायची कल्पना आमचीच. लहानपणी मुंबईला मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय पाहिलं होतं, तेव्हापासून डोक्यात किडा होता. वरंध घाट उतरला की कोकण, मग समुद्र आपल्याला परका कसा? वर्गणी काढली, तीन फुटी काच घेतली, दगड आणि वाळू घातली. आत पाणी राहिलं साधारण दीडशे लिटर. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून पाच-साडेपाच किलो समुद्री मीठ विरघळवलं. जिवाणूंची घडी बसायला महिनाभर थांबलो आणि मग मासे सोडले. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं होतं.

दोन महिन्यांनी वाळूवर एक लालसर डाग दिसला. आठवड्यात त्याची मखमली चादर झाली आणि दगडांवर चढली. त्यात बारीक बुडबुडे अडकलेले. नळीने ओढलं की सालीसारखी निघायची, आणि दोन दिवसांत पुन्हा हजर! वास तर विचारूच नका. ज्यांनी खाऱ्या पाण्याचे टँक पाळलेत ते याला लाल शेवाळ म्हणतात. खरं म्हणजे हे शेवाळच नाही. हे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू. लाल रंग त्यांच्यातल्या फायकोएरिथ्रिन नावाच्या रंगद्रव्याचा. पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन साठू लागला, तो यांच्याच पूर्वजांच्या कृपेने. त्यामुळे आपल्या सहामाही परीक्षेइतक्या घाईत यांना हरवता येईल, हा समजच चुकीचा.

आता आरोपी शोधायची वेळ आली. मेसमधले मामा रोज टँकची काच पुसायचे. कोणीतरी म्हणालं, "मामांच्या फडक्याला साबण असतो, त्यानेच घाण झाली." बस्स! मामांनी टँकला हात लावायचा नाही, असं ठरलं. मामा वेल्ह्याकडचे, घरची भातशेती. ते एवढंच म्हणाले, "पोरांनो, आमच्या खाचरात पण असलंच येतं की, काळं-हिरवं. तिथं त्याला कोण हाकलत न्हाय." आम्ही हसलो. हसणाऱ्यांत मीही होतो.

पुढे वाचल्यावर कळलं की मामांचं बरोबर होतं. भाताच्या खाचरात येणाऱ्या नील-हरित शेवाळाच्या कितीतरी जाती हवेतला नायट्रोजन पकडून पिकाला देतात. कृषी विभाग तर ते जिवाणू खत म्हणून वापरायला सांगतो. अझोला नावाची जी पाणवनस्पती खाचरात सोडतात, तिच्या पानांच्या पोकळीतही हेच भाऊबंद राहतात. म्हणजे जो खाचरात मित्र, तोच आमच्या टँकमध्ये शत्रू झाला. फरक जिवाणूंच्या स्वभावात नाही, फरक आपण त्यांना काय वाढून ठेवलं त्यात आहे.

पण हे कळायच्या आधी मी शहाणपणा करून बसलो होतो. सायनोबॅक्टेरिया जिवाणू आहेत, म्हणजे अँटिबायोटिकने मरणार, हे लॉजिक बरोबर होतं. एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या आणल्या, कुटल्या आणि टाकल्या. तिसऱ्या दिवशी लाल चादर फिकट झाली, चौथ्या दिवशी गायब! मी हॉलमध्ये हिरो. त्याच रात्री वाऱ्या-पावसात लाइट गेली आणि पंप बंद पडला. मेलेली चादर पाण्यात कुजत होती, आणि कुजण्याला ऑक्सिजन लागतो. काचेच्या पेटीत तो उरणार किती? सकाळी एक मासा तळाशी आडवा पडला होता. तो उचलून बाहेर काढला मामांनीच. मला ते धैर्य झालं नाही. औषधाचं ते पाणी आम्ही बादली-बादलीने मागच्या गटारात ओतलं. अँटिबायोटिक असं उघड्यावर सोडणं म्हणजे औषधाला न जुमानणारे जिवाणू तयार करायला हातभार लावणं, हेही तेव्हा सुचलं नाही.

आणि तिसऱ्या आठवड्यात लाल डाग परत!

आता जरा इंजिनिअरसारखा विचार करू. मास बॅलन्स आपण दुसऱ्या वर्षापासून घोकतो. आत येणारं वजा बाहेर जाणारं म्हणजे साठणारं. माशांच्या सुक्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस धरा. एक ग्रॅम खाद्य न खाता कुजलं तर १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट. दीडशे लिटरमध्ये ते लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम झालं. अशा टँकमध्ये फॉस्फेट ०.१ च्या खाली ठेवा, असं सांगतात. म्हणजे फक्त एक ग्रॅम जादा खाद्यानेच आपण हद्दीच्या दुप्पट जातो. आणि आपण काय करत होतो? नाश्त्याला येणारा प्रत्येक जण प्रेमाने चिमूटभर टाकत होता. शंभर जणांचं चिमूटभर प्रेम! त्यात वाफेने कमी झालेलं पाणी आम्ही बोअरच्या पाण्याने भरून काढायचो. वाफ उडते, क्षार मागे राहतात, हे दहावीचं विज्ञान. म्हणजे शेतातल्या खतांचा अंश असलेलं पाणी दर आठवड्याला वरून ओतून आम्ही आतमध्ये आटवत होतो. यात मामांचं फडकं कुठे बसतं, सांगा बघू?

कोणी म्हणेल, एका टँकवरून एवढं काय? तर मोठा टँक बघा. आपल्या शेजारच्या पानशेत आणि वरसगावचं पाणी खडकवासल्याला जातं, पुणं ते पितं, वापरतं, आणि मुळा-मुठेतून भीमेत सोडून देतं. पुण्याचा आणि पिंपरी-चिंचवडचा मैला आणि शेतांवरून वाहून आलेलं खत शेवटी उजनीच्या जलाशयात जाऊन साठतं. उजनीचं हिरवं झालेलं पाणी ज्याने पाहिलंय, त्याला वेगळं सांगायला नको. ती हिरवी साय म्हणजे आमच्या लाल चादरीची सख्खी चुलत बहीण.

उपाय काय, हे जगात दाखवून झालेलं आहे. कॅनडात १९७३ मध्ये शास्त्रज्ञांनी एका तळ्याच्या मधोमध प्लास्टिकचा पडदा लावला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन टाकला, पण फॉस्फरस एकाच बाजूला. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. अमेरिकेत सिएटल शहराजवळच्या लेक वॉशिंग्टनमध्येही १९५५ च्या सुमारास असेच सायनोबॅक्टेरिया माजले होते. तिथल्या लोकांनी तळ्यात औषध नाही ओतलं. १९६३ ते १९६८ या काळात तळ्यात येणारं सांडपाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं. काही वर्षांत तळं आपोआप निवळलं. आधी तोटी बंद करा, मग फरशी पुसा. इतकं साधं आहे हे.

आम्हीही शेवटी तेच केलं. लाल थर नळीने ओढून काढला. तीन दिवस दिवे बंद ठेवून टँकवर चादर टाकली, पण हवेचा पंप चालू ठेवला आणि त्याला बॅटरी जोडली. नंतर दिवे अकरा तासांवरून सात तासांवर आणले. ज्या कोपऱ्यात पाणी हलत नव्हतं, तिकडे पंपाचं तोंड वळवलं. बोअरचं पाणी बंद करून आरओचं सुरू केलं. दर रविवारी पंधरा लिटर पाणी बदलतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाद्य दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि ते एकाच माणसाने घालायचं. यातली एकही गोष्ट औषधासारखी चार दिवसांत गुण देत नाही. सहा आठवड्यांनी वाळू पांढरी दिसायला लागली. मागच्या कोपऱ्यात रुपयाएवढा लाल डाग अजून आहे. तो असू दे. जास्तीचं खाद्य पडलं की तोच आधी पसरतो आणि आम्हाला सांगतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की टँक काढू नका. काढला तर आपण एवढंच शिकलो असं होईल की घाण दिसली की भांडं फेकून द्यायचं. स्ट्राँग औषधही आणू नका. हीच सवय आपल्याला सगळीकडे लागली आहे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं झाकण वर्षभर उघडं, आत ऊन पडतं, शेवाळ धरतं, आणि आपण दर महिन्याला ब्लीचिंग पावडरचा डबा मागवतो. झाकण लावायला किती खर्च येतो हो?

शेवटी एक राहिलंच. टँकची नासाडी मामांनी केली नव्हती. ती आम्ही केली, त्यात माझा वाटा सगळ्यात मोठा, आणि ते माहीत झाल्यावरही मी महिनाभर गप्प बसलो. मामांची माफी मी तोंडी मागितली आहे. पण आरोप सगळ्यांसमोर झाला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोर छापून यावी, असं वाटलं. आता खाद्याचा डबा मामांकडे असतो. तुमच्या मुठीत चिमूटभर प्रेम असेल, तर त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. ते नाहीच म्हणतील!

– तृतीय वर्ष, सिव्हिल