धुराड्याची काजळी

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे विनोबांचे जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी ते येथे जन्मले. या परिसरातील जुन्या कौलारू घरांत गॅसची शेगडी आली असली, तरी भाकरीसाठी चूल आणि आंघोळीच्या पाण्यासाठी बंब अद्याप पेटतात. आपल्या घरी वयोवृद्ध माता-पिता असतील आणि त्यांनी चूल सोडावी असे आपणांस वाटत असेल, तर प्रथम एक गोष्ट मान्य करावी: केवळ सांगून चूल विझत नाही. ती जोवर पेटते आहे, तोवर तिचा धूर घराबाहेर जातो की नाही, हे पाहणे आपल्या हाती आहे.

हा विचार नवा नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ घडविली होती. पुढे १९८३ च्या सुमारास सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि निर्धूर चुली गावोगावी पोहोचल्या. त्यांतील अनेक चुली निकामी झाल्या. नळी एकदा काजळीने भरली की धूर पुन्हा स्वयंपाकघरातच फिरतो, आणि ती साफ करण्याचे काम नेमके कोणाचे, हे पुष्कळ घरांत ठरलेलेच नसते.

ओल्या लाकडाचा जाळ मंद असतो. त्यातून निघणारी वाफ व डिंकासारखा अंश थंड नळीत साचतो आणि डांबरासारखा थर धरतो. हा थर स्वतःच पेटू शकतो, आणि लाकडी वासा जवळ असल्यास छपरापर्यंत आग जाते. म्हणून पावसाळ्यापूर्वी लाकूडफाटा पडवीत कोरडा रचून ठेवावा. महिन्यातून एकदा, चूल पूर्ण थंड असताना, लांब बांबूला काथ्याचा बोळा बांधून नळी वरून खाली झाडावी. नाकातोंडावर ओले फडके असावे. जुनी नळी ॲस्बेस्टॉस सिमेंटची असेल, तर ती खरवडू अथवा फोडू नये. जाणत्या माणसाकडून बदलून घ्यावी. नळीचे तोंड कौलांच्या वर निदान दोन हात असावे आणि त्यावर टोपी असावी, अन्यथा कोकणातला पाऊस थेट चुलीत उतरतो. छपरावर चढण्याचे काम ज्येष्ठांनी मुळीच करू नये. गुडघे साथ देत असले तरीही नाही!

आता बंबाविषयी, कारण खरा धोका तेथे आहे. थंडी-पावसात न्हाणीघराचे दार लावून आत बंब पेटविला, की निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके जड होणे, मळमळ, भोवळ ही त्याची लक्षणे आपल्याकडे सर्रास ‘पित्त झाले’ म्हणून सोडून दिली जातात. पित्त घरातल्या सर्वांना एकाच वेळी होत नाही आणि मोकळ्या हवेत येताच उतरत नाही, हे ध्यानी ठेवावे. अशा वेळी त्या व्यक्तीस त्वरित अंगणात आणावे, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. बंब बाहेर पडवीत पेटवावा व पाणी बादलीने आत न्यावे. वृद्धांना बादली उचलवत नाही, म्हणूनच तर बंब आत येतो. तेव्हा हे काम घरातल्या तरुणाने आपल्याकडे घ्यावे. निखाऱ्यांची शेगडी ऊब म्हणून बंद खोलीत, पलंगापाशी ठेवणेही तितकेच घातक होय.

धुरात वर्षानुवर्षे रांधणाऱ्या स्त्रियांना दमा व फुप्फुसांचे जुनाट विकार जडतात, हे आता सिद्ध झाले आहे. आईचा खोकला ‘वयाचा’ म्हणून सोडू नका. श्वासाची तपासणी करून घ्या. घरी कोणास ऑक्सिजन लावलेला असेल, तर त्या खोलीत चूल, शेगडी, उदबत्ती, काहीही पेटवू नये. सिलिंडर व त्याची रबरी नळी चुलीच्या आचेपासून दूर असावी.

राखेत निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत राहतो. ती प्लॅस्टिकच्या बादलीत न भरता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरावी आणि डबा लाकडी फळीवर नव्हे, फरशीवर ठेवावा. चुलीपुढे बसताना पदर खोचलेला असावा, आणि नायलॉनची साडी त्या वेळी नकोच.