कडक रम आणि आपल्या मळीची पारख



विषय रमचा आहे, म्हणून आमच्या माळकरी सभासदांनी लगेच पान उलटू नये. कोणी प्यावी असे आम्ही सुचवीत नाही. चव पाहणारा जाणकार तर घोट थुंकूनच टाकतो. पण रम हे उसाचेच अपत्य. मळी आपली, अन् तिची पारख मात्र परक्याच्या हाती, हे काही बरे नव्हे.

आपल्याकडे दारूची प्रत म्हणजे 'कडक हाय का?' एवढाच सवाल. नेहमीच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असते, इंग्रजी मोजणीने ७५ प्रूफ. १०० प्रूफ म्हणजे ५७ टक्क्यांच्या जरा वर. इंग्रज आरमारात खलाशांना रमचा रोजचा रतीब असे. तो ३१ जुलै १९७० रोजी बंद झाला, पण 'नेव्ही स्ट्रेंग्थ' हे नाव ५७ टक्क्यांच्या बाटल्यांवर राहून गेले. जमैकाची रे अँड नेफ्यूची पांढरी रम तर ६३ टक्क्यांची.

एवढी कडक कशाला? तर कॉकटेलसाठी. ६० मिलि रम, ३० मिलि लिंबाचा रस, २० मिलि साखरेचा पाक आणि बर्फाचे वितळलेले ३० मिलि पाणी धरा. ५७ टक्क्यांची रम असेल तर पेल्यात २४ टक्के अल्कोहोल उरते, ४२.८ ची असेल तर १८ च. लिंबू, साखर अन् बर्फ या तिघांच्या माऱ्यात हलक्या रमचा वास दबून जातो. हिशेब खरा आहे. पण कडकपणा ही नुसती गाडी झाली, गाडीत माल काय भरलाय? अर्कशाळेतून निघणारे रेक्टिफाईड स्पिरिट ९५ टक्क्यांच्या घरात असते, मग तीच सर्वांत उत्तम रम म्हणायची काय?

पारख करण्याची रीत गूळ पारखणाऱ्याला चटकन उमगेल. तोंडाशी निमुळता पेला, त्यात दोन चमचे रम. नाक आत खुपसायचे नाही. झणक्याने ते बधिर होते. पेला हनुवटीपाशी धरून, तोंड किंचित उघडे ठेवून वास हळूच घ्यायचा. पिकले केळे, अननस, काकवी, ओला ऊस असे वास लागतात, आणि त्यांतले बरेचसे आंबवणातच जन्मतात. मग जिभेवर थेंबभर. पहिल्या घोटाला नुसती आग लागते, म्हणून मत दुसऱ्या घोटावर बनवावे. नंतर थेंबाथेंबाने पाणी घालीत जायचे. खरी कसोटी इथेच. चांगली रम पाण्याने उमलते, दडलेला वास वर येतो. स्पिरिटात एसेन्स मिसळलेला माल पाणी पडताच पोकळ होतो. दोन थेंब तळहातावर चोळा. स्पिरिट उडाल्यावर मागे राहिलेला वास उसाचा की व्हॅनिलाचा, ते कळते. रंगावर तर मुळीच जाऊ नये. कॅरॅमलने एका दुपारी बारा वर्षांचा रंग चढतो! शेवटी लिंबू-साखर घालून पाहावे, तेही लेबले झाकून, नंबर टाकून. नाव दिसले की जीभ भिडेखातर बोलते.

आता आपले दुखणे. आपल्या उंच स्तंभांचे कामच मुळी वास काढून टाकण्याचे. गाडीच्या टाकीत जाणाऱ्या इथेनॉलला ते योग्यच. पण एकाच गिऱ्हाइकावर किती विसंबावे? ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाचा रस व पाक यांपासून इथेनॉल करण्यास मनाई केली, आठवडाभरात ती सैल केली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये निर्बंध उठवले. तोवर ज्यांनी कर्ज काढून प्रकल्प उभारले त्यांनी काय करायचे?

शेजारी पाहा. सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, विंचूरला वाईन पार्क झाले, 'नाशिक व्हॅली'ला भौगोलिक मानांकन मिळाले. द्राक्षाच्या बाटलीवर नाशिकचे नाव लागले. आपला ऊस मात्र टँकरमधून बिननावाचा जातो. मार्टिनिक बेटावरच्या उसाच्या रसाच्या रमला १९९६ पासून कायद्याने नामसंरक्षण आहे. अन् लांब कशाला, हरियाणातल्या पिकॅडिलीने रसापासूनच 'कॅमिकारा' काढली, १२ वर्षे मुरवलेली, ५० टक्क्यांची.

उद्या उसाला जादा भाव मिळेल, असे कोणी सांगत आले तर विश्वास ठेवू नका. या हंगामात टनामागे एक रुपयाही वाढायचा नाही. परवाना, तांब्याचे भांडे, लाकडी पिंपे आणि काही वर्षांची वाट, एवढे सगळे आधी लागते. म्हणून आमचे म्हणणे लहानच आहे. संचालक मंडळाने येत्या सर्वसाधारण सभेपुढे एवढाच विषय ठेवावा: उत्पादन शुल्क खात्याच्या परवानगीने थोडी मळी आणि थोडा रस वेगळा आंबवून नमुना काढायचा. चाखायला आपले केमिस्ट, एखादा गुऱ्हाळवाला आणि विंचूरकडचा एखादा वाईनचा जाणकार बसवावा, बाटल्या झाकूनच. नमुना नापास झाला तर तसे याच पानावर छापू.