शुद्धिपत्राचे पैसे

परवा एका विद्यार्थ्याने नवी विकत घेतलेली कादंबरी माझ्यापुढे ठेवली. ८० व्या पानानंतर एकदम ९७ वे! मधला सोळा पानी फर्माच बांधणीत राहून गेलेला. ८० व्या पानावर लग्नाला नाही म्हणणारी नायिका ९७ व्यावर मुलाच्या बारशाच्या घुगऱ्या वाटत होती. दुकानदाराने मुकाट्याने प्रत बदलून दिली. राहिलेल्या फर्म्याचे पैसे मागण्याचे धाडस त्याला झाले नाही.

हाच न्याय सॉफ्टवेअरला लावावा, असे मी शिक्षकदालनात म्हणालो आणि गणिताचे प्राध्यापक उसळले. "शिंपी एकदा कोट शिवतो, म्हणून जन्मभर सैल-घट्ट करून देतो काय? दुरुस्त्या करणाऱ्यांनाही पगार लागतोच ना?"

लागतो, यात शंका नाही. पण आपण 'अपडेट' या एकाच नावाखाली दोन वस्तू बांधतो. नव्या सोयी ही नवी आवृत्ती. तिची किंमत खुशाल घ्यावी. चूक सुधारणे हे मात्र शुद्धिपत्र आहे, आणि शुद्धिपत्राचे पैसे आजवर कोणत्या प्रकाशकाने मागितले?

गोची आहे ती मुदतीची. गळालेला फर्मा वाचताना दिसतो. दाराची कडी कच्ची आहे हे चोर आल्यावर कळते. विंडोज एक्सपी २००१ साली बाजारात आली. ८ एप्रिल २०१४ ला कंपनीने तिची देखभाल थांबवली. करार करून पैसे भरणाऱ्या मोठ्या संस्थांना तेवढ्या दुरुस्त्या मिळत राहिल्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाची खंडणीखोर आज्ञावली जगभर पसरली. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. तेव्हा कंपनीने एक्सपीची दुरुस्ती सर्वांना फुकट दिली. म्हणजे ती देता येत होती!

सोळा वर्षे फार झाली, हेही मी मान्य करतो. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने यावर बरा तोडगा काढला: ग्राहकाने रास्तपणे जितका काळ अपेक्षा धरावी, तितका काळ आवश्यक दुरुस्त्या द्याव्यात. 'रास्त' म्हणजे किती, यावर वकिलांची दिवाळी होईल, ती होवो. पण विंडोज १० ची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, तेव्हा वाढीव वर्षाच्या दुरुस्त्या युरोपातल्या घरांना विनाशुल्क देऊ केल्या गेल्या. इतरत्र ३० डॉलर, नाहीतर संगणकाची मांडणी कंपनीच्या साठवणीत ठेवण्यासारखी एखादी अट. चूक तीच, दुरुस्ती तीच. ज्यांच्या जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढतच नाही, त्या घरांनी काय करायचे? चांगले चालणारे यंत्र रद्दीवाल्याला द्यायचे?

मी प्राध्यापकांना त्यांच्याच बिरादरीतले डोनाल्ड क्नूथ दाखवले. आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला ते अनेक वर्षे २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवीत. इथे लेखकच वाचकाला पैसे देतो! प्राध्यापक गप्प झाले. मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. माझ्या व्याकरणाच्या पुस्तिकेतल्या सात चुका, पानांच्या आकड्यांसह.

मी चहा मागवला.